ब्रेकवरचा पाय

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण त्या रविवारी भर दुपारी, आमच्या घरामागच्या गॅरेजमध्ये, गाडीखाली मी होते. तुम्ही नव्हता.

गाडी बाबांची. माझ्याहून वयाने मोठी, आणि लाडही तिचेच जास्त.

आई त्या गाडीत कितीतरी वेळा बसली. पण फक्त गॅरेजमध्ये! मागच्या ब्रेकचं काम निघालं की बाबा खाली आणि आई पेडलवर. नळ्यांतली हवा काढायला दोघं लागतात. बाबा ओरडायचे, "दाब... धर... सोड!" आई निमूट करायची. दाबताना तिचा गुडघा वाजायचा. कट्. "गाडीपेक्षा हिचेच सांधे खिळखिळे," असं म्हणून बाबा चारचौघांत हसायचे.

"ब्रेक झाले की तुला लांब फिरवून आणतो," हे मी लहानपणापासून ऐकत आले. ब्रेक व्हायचे. गाडी मित्रांना घेऊन फिरायची. आई वाट बघत बघत गेली.

त्या रविवारीही संध्याकाळी मित्रमंडळी यायची होती. बाबांना आता वाकवत नाही, म्हणून मी खाली शिरले. मागच्या चाकांचे ड्रम उतरवले, आतले झिजलेले ब्रेक-शू बदलले, स्प्रिंगा ओढून बसवल्या. हवा काढायची तेवढी राहिली. ब्रेक ऑइल पुरेलसं वाटेना, म्हणून बाबा आणखी आणायला गेले.

थोड्या वेळाने... गाडीचं दार लागलं. सीट कुरकुरली.

"आलात? दाबा."

पेडल खाली गेलं.

"धरा." मी नळीचा नट सैल केला. बुडबुडे आले. नट आवळला. "सोडा."

सुटलं.

दोन्ही चाकं झाली. बाबा एकदाही खेकसले नाहीत... तिथेच मला शंका यायला हवी होती.

मी पाना खाली ठेवला. सगळं शांत झालं. आणि ऐकू आलं...

कट्.

"काय गं, कुणाशी बोलतेस?"

बाबा फाटकातून आत येत होते. हातात ब्रेक ऑइलची बाटली.

मी सरपटत बाहेर आले. सीटवर कुणीच नव्हतं.

मी चाकं चढवून टाकली. संध्याकाळी मित्र आले. बाबा ऐटीत बसले, इंजिन सुरू केलं, गिअर टाकला... गाडी हलेना. गचके खाऊन इंजिन बंद पडलं. बाबा उतरले की गाडी एका हाताने ढकलली जायची. बसले की चाकं जाम.

मी दारातून वाकून पाहिलं. बाबांचे दोन्ही पाय मागे होते. ब्रेकचं पेडल मात्र दाबलेलं होतं.

कट्.

बाबांनीही ऐकलं.

"तिला सांग, सोड म्हणावं," ते पुटपुटले.

"तुम्ही सांगा. आणि फिरायला चल म्हणा तिला, एकदा तरी."

त्यांनी मित्रांकडे पाहिलं. मग पेडलकडे बघून नेहमीसारखे खेकसले, "सोड!"

पेडल हललं नाही.

गाडी अजून तिथेच आहे. मेकॅनिकने सगळं खोलून पाहिलं, दोष सापडला नाही. दुपारी कधीतरी गॅरेजमधून तो आवाज येतो... मी तिकडे जात नाही. भीती वाटतेच, खोटं कशाला बोलू?

पण मी काही तिला 'सोड' म्हणणार नाही.