हळदीचा हात लाल कसा झाला?

“आधी माशांचा घास, मग तुझा. आणि घालताना देवाचे आभार मानायला विसरू नकोस हं!”

गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना शैलाआत्यानं असं बजावलं होतं आणि सहानानं वचन दिलं होतं. पण आता? सोसायटीच्या कुंडातले आत्याचे लाडके मासे पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होते. आणि आत्या आज संध्याकाळी घरी यायची होती!

“तुम्ही पोरं बिस्किटं टाकता, म्हणून पाणी नासलं,” सेक्रेटरी उदयसिंहकाका गुरगुरले. “उद्याच कुंड बुजवतो. दोन गाड्या उभ्या राहतील!”

“आम्ही नाही टाकत!” तिचा मित्र अमोघ ओरडला, पण काका गेलेसुद्धा.

आत्याला ओवाळायला हळद कालवत होती, तशीच सहाना धावत आली होती. पन्हळीच्या तोंडाशी एक मासा आडवा पडला होता. तिनं हात घालून त्याला अलगद बाजूला केलं.

“रक्त! सहाना, रक्त!” अमोघ किंचाळला.

तिची पिवळी बोटं लालभडक झाली होती! पण कुठं कापलं नव्हतं, की खरचटलं नव्हतं.

“अरे, हा तर आरतीच्या पाण्याचा रंग!”

“त्यात कुंकू असतं ना?” अमोघ पुण्याहून जूनमध्येच चेन्नईत आला होता.

“छे! हळद आणि चिमूटभर चुना.”

“मग कुंडात चुना कुणी कालवला?”

“आधी हात धू!” नववीतली कीर्तना म्हणाली. “पीएच वाढलाय पाण्याचा. शून्य ते चौदा अशी पट्टी असते, सात मधोमध. चिंच, लिंबू खाली. साबण, चुना वर. मासे साताच्या आसपासच सुखात राहतात.”

“म्हणजे आईचं रसम खाली!” सहाना म्हणाली.

“आणि तुझं डोकं पट्टीबाहेर!” अमोघ हसला.

तिघांनी कागदाच्या पट्ट्या हळदीत बुडवून वाळवल्या. नळाच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहिली. कुंडाच्या मध्यावर तपकिरी झाली. पन्हळीपाशी लाल! पन्हळ थेट फाटकापासून येत होती. तिथं मार्गळी या तमिळ महिन्याचा भलामोठा कोलम, म्हणजे पांढरी रांगोळी, लखलखत होता. रोज पहाटे जुना कोलम पाइपनं धुऊन पाणी पन्हळीत सोडत आणि नवा काढत. वॉचमनच्या खुर्चीमागं पांढऱ्या भुकटीचं पोतं होतं. कीर्तनानं चिमूटभर भुकटी पाण्यात टाकून पट्टी बुडवली. लाल!

“तांदळाचं पीठ मुंग्या खाऊन टाकतात, म्हणून मीच चुना आणला,” गलका ऐकून आलेले काका म्हणाले. “पांढरं ते पांढरं!”

“काका, मुंग्यांनी खावं म्हणूनच तर पीठ घालतात!” सहाना हळूच म्हणाली.

काकांनी लाल पट्टी पाहिली, मग मासे पाहिले. त्यांनी बाह्या सरसावल्या. सगळ्यांनी मिळून कुंडातलं पाणी बदललं. एकदम नाही, थोडं थोडं. संध्याकाळपर्यंत मासे तळाशी सुळसुळू लागले.

आत्या काठी टेकत आली. सगळं ऐकून तिनं तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. “देवानं माझे मासे राखले रे, तुमच्या हातांनी! गुणाची लेकरं!”

“आणि मला शिकवलंही,” काका ओशाळून म्हणाले. “कुंड राहील. आणि कोलमचं पीठ माझ्याकडून, शब्द देतो!”

पहाटे सहाना कॉफीआधी माशांचा घास घेऊन खाली उतरली. हात जोडून तिनं डोळे उघडले, तर समोरून उदयसिंहकाका पाय न वाजवता चालले होते, हातात तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन, फाटकाकडे.