पडायचं राहिलेलं सोंग

दिवा राहू दे तसाच, पण दार लोटून घ्या. ही गोष्ट इथल्याच, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या हेमराजची. माझ्या शेजारच्याच खोलीत राहतो, तेव्हा उगाच ऐकीव समजू नका.

चैत्रातली अमावस्या होती, शनिवारची रात्र. हेमराज मोटरसायकलच्या मागच्या सीटवर मुखवटा बांधून बमरोलीला निघाला होता. काम साधंच. आपल्या नाटकमंडळाला तालमीसाठी नवा हॉल मिळाला होता, तिथं मुखवटा ठेवायचा, कुलूप लावायचं आणि घरी येऊन झोपायचं.

मुखवटा म्हैसासुराचा. आपल्या साक्रीकडे चैत्रात भवाडा होतो. देवादैत्यांची सोंगं रात्रभर नाचतात आणि उजाडताना देवी म्हैसासुराला मारते. हेमराजचे वडील भिकनबाबा जन्मभर म्हैसासुर नाचले. उजव्या हाताची करंगळी कापडाच्या लूममध्ये गेली, तरी नाच सुटला नाही. त्यांचा एकच नेम होता. म्हैसासुरानं मुखवटा आपल्या हातानं काढायचा नाही. आधी पडायचं, मग देवीनं काढायचा. न पडलेलं सोंग माणसाला सोडत नाही, असं ते म्हणायचे. दिवाळीत भिकनबाबा गेले आणि मुखवटा हेमराजकडे आला.

त्या शनिवारी संध्याकाळी शहरातल्या मोठ्या सभागृहात वस्त्यावस्त्यांच्या नाटकमंडळ्या जमल्या होत्या. उडिया, भोजपुरी, गुजराती आणि आपले खान्देशी. भरवणारी शीतलबेन, भली बाई. या मंडळ्यांना जागा मिळावी म्हणून तिनं कितीतरी उंबरे झिजवले. बमरोलीचा हॉल तिनंच मिळवला, सगळ्यांना पाळीपाळीनं. अट एवढीच, की मंचावर वेळ पाळायची. जे पाळणार नाहीत त्यांची पाळी जाणार. आपल्या मंडळाला तर लोकांनी तालीम करताना गच्चीवरूनसुद्धा हाकललेलं. हा हॉल गेला असता तर सुरतेत भवाडा संपलाच होता. त्या काळजीनं हेमराजचं जेवणखाण सुटलं होतं.

आपल्या भवाड्यात देवी मंचावर आली आणि विंगेतून शीतलबेननं हात वर केला. "हेमराजभाई, बस. टाइम हो गया."

देवी झालेल्या वाल्मिकनं तलवार उचललेली होती. हेमराजनं शीतलबेनकडे पाहिलं, हॉल आठवला, आणि मुखवटा स्वतःच काढून लोकांना नमस्कार केला. टाळ्या पडल्या.

"हाई बरं नही व्हयनं, भाऊ," वाल्मिक विंगेत म्हणाला.

"मरसू ना पुढला सालले," पुढच्या वर्षी मरेन की, असं म्हणून हेमराज हसला.

तर असा तो निघाला. खाडीचा पूल आला तशी मोटरसायकल जड झाली. मागं कुणी बसल्यासारखी. त्यानं वळून पाहिलं. मुखवटाच होता. जीव भांड्यात पडला आणि त्यानं गाडी दामटली.

हॉलात विजेचं मीटर अजून बसायचं होतं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून येत होता तेवढाच. मुखवटा खुर्चीवर ठेवून तो कुलूप घ्यायला वळला. मागं घुंगरू वाजलं.

एकदाच.

त्यानं पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मुखवटा कोपऱ्यात होता. उभा... माणसाच्या उंचीवर.

हेमराज पळाला. दार उघडंच राहिलं. गल्लीच्या टोकाला चहाची बंद हातगाडी होती, तिच्या आडून त्यानं वाल्मिकला फोन लावला. "तलवार लई ये. हॉलवर. आतेच."

वाल्मिक तलवार घेऊन लगेच निघाला. त्यालाही झोप लागली नव्हती.

तो राहायला जवळच. पण आला दुसऱ्या गल्लीनं आणि थेट आत शिरला. हेमराजला त्याची गाडी दाराशी दिसली तेव्हा उशीर झाला होता. तो धावत उंबऱ्यापर्यंत गेला. आत वाल्मिकचा आवाज.

"असा उभा काय ऱ्हास, भाऊ? पड आते."

हेमराज हाक मारणार तेवढ्यात...

घुंगरं वाजली. तलवारीचा एक वार. मग कुणीतरी पडलं. भरल्या अंगाचं माणूस पडतं तसं.

नंतर काहीच नाही...

वाल्मिक मुखवटा घेऊन बाहेर आला. उंबऱ्यात हेमराज दिसला, तसा थांबला. त्याच्याकडे पाहिलं. मागं अंधारात पाहिलं.

"तू आठे शे," तो म्हणाला. "मंग मझार..."

मझार म्हणजे आत. उजाडेपर्यंत दोघं पायरीवर बसून होते.

उजेडात आत गेले. हॉल रिकामा. फरशीवर मात्र ओल होती, पालथ्या पडलेल्या माणसाएवढी. फिनाइलनं पुसली, वर सतरंजी टाकली, तरी ती वर येतेच. हॉलातली आपली पाळी टिकली. उडिया मंडळी तिथं नाचतात ती तेवढी जागा सोडून. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

हेमराज धडधाकट आहे, म्हैसासुर आता तोच नाचतो. पण तालमीला आला की आधी त्या ओलीपाशी बसतो. मी पाहिलंय. उजव्या हाताचा पंजा उमटलाय तिथं तो आपला हात ठेवतो, बराच वेळ.

त्या पंजाला करंगळी नाही.