न वाळणारा रंग

प्रिंटरमध्ये शाईची कुपी भरलेली, कागद कोरा करकरीत, वीजही चालू. मग छापलेल्या फोटोत आईच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा कशा?

शाल्मलीला रडूच कोसळलं. संध्याकाळी तिची आई चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, रेडिओ दुर्बिणीवर (अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारं यंत्र) काम करायला निघणार होती. तिथे कामाच्या वेळी मोबाइलसुद्धा चालू ठेवायला बंदी. त्याच्या लहरींनी दुर्बिणीचा गोंधळ उडतो. म्हणून आईला मायलेकींचा कागदावरचा फोटो हवा होता.

"आजोबा, शाई तर काठोकाठ आहे!"

उभा जन्म रंगांच्या रसायनशास्त्रात घालवलेले आजोबा जवळ येऊन बसले. "याआधी कधी छापला होतास फोटो?"

"दिवाळीत."

"आणि आता आला मे. अगं, ही शाई पातळ. केसाहून बारीक भोकांतून तिचे थेंब उडतात. रोज वापर असेल तर छान चालतं. पण यंत्र नुसतं पडून राहिलं, की भोकांच्या तोंडाशीच शाई वाळते. मग कुपी भरलेली असून काय उपयोग?"

दोघं कोपऱ्यावरच्या वस्तुघरात गेले. लागेल ती वस्तू लोक तिथून वापरायला नेत. फोटो छापायला प्रिंटर हवा म्हटल्यावर तिथला यंत्रमानव मिठू म्हणाला, "रोज छापणार की कधीमधी? फोटो मोठे की पोस्टकार्डाएवढे?"

"कधीमधी. आणि छोटेच."

मिठूने जेवणाच्या डब्याएवढा प्रिंटर पुढे ठेवला. "यात शाई नाहीच. पातळ पट्टीवर कोरडा रंग असतो. मोठे फोटो मात्र येत नाहीत. शिवाय फोटोत रंग थोडा असो की फार, पट्टी तेवढीच लागते."

"कोरडा रंग कागदावर जातो कसा?"

आजोबा हसले. "कापराची डबी उघडी राहिली तर काय होतं?"

"कापूर लहान होत जातो."

"डबी ओली होते?"

"नाही!"

"कारण तो वितळत नाही, सरळ हवेत जातो. हे संप्लवन (घन पदार्थ द्रव न होता थेट वायू होणं). इथे पट्टी तापली की रंगाची वाफ होते आणि कागदावरच्या खास लेपात शिरते. जास्त तापवलं, की रंग जास्त गडद. मुळातच कोरडा, मग वाळणार काय?"

घरी येऊन शाल्मलीने बटण दाबलं. कागद आत जाऊन बाहेर आला आणि ती किंचाळलीच, "आई पिवळीधमक झाली!"

"दम धर जरा."

दुसऱ्या फेरीत किरमिजी रंग चढला. तिसऱ्या फेरीत आकाशी, आणि आई आईसारखी दिसू लागली. चौथ्या फेरीत फोटो जपणारा पारदर्शक थर बसला.

आईने फोटो हातात घेतला. मग तो वरच्या खिशात ठेवून ती आजोबांच्या पाया पडली. "बाबा, तुम्ही होतात म्हणून झालं."

"छे गं, तुझ्या लेकीने हट्ट सोडला नाही म्हणून झालं."

यान निघून गेलं. परतताना शाल्मली मुद्दाम वस्तुघरात शिरली आणि मिठूचा थंडगार हात हातात घेऊन म्हणाली, "तू आधी विचारलंस ना, म्हणून बरं झालं."

बाहेर येताच तिच्या मनात काहीतरी आलं. "आजोबा, चंद्रावर हवा नाही. मग तिथे पट्टीवरच्या रंगाची वाफ लवकर होईल की उशिरा?"

आजोबा थबकले. "खरंच की! हे मी कधी करून पाहिलं नाही. तू मोठी झालीस की पाहा."

"मोठी कशाला? हवा काढून घेणारा पंप आहे ना तुमच्याकडे?"

आजोबांनी तिचा हात धरला आणि घराकडे पाय उचलले.