दोन्ही प्लग माझ्या मुठीत होते

हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलं. ज्यांना खाली "मॅडम, छान रंगवलंय" असं लिहायचं असेल, त्यांनी इथूनच परत फिरावं.

तारीख २९ जानेवारी २००५. शनिवार.

वेळ दुपारी सव्वातीन. अमावास्या नाही, दिवे गेलेले नाहीत. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलेलं आणि गॅरेजमध्ये रेडिओ चालू.

उत्तर विस्कॉन्सिनमधलं एक छोटं गाव. नाव सांगणार नाही.

माझा नवरा श्रीरंग तिथल्या कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मी डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे एम.एस्सी. करून दिवसभर घरात एकटी, बाहेर उणे वीस, आणि बोलायला भिंती. तेव्हा मी फार चिडचिडी झाले होते, हे आधीच कबूल करते.

कारखान्यातले लोक दर सोमवारी स्नोमोबिलच्या गप्पा मारायचे. स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. श्रीरंगला मात्र त्यात कुणी बोलवत नसे. दोन वर्षं तो एकटाच डबा खात होता. त्या जानेवारीत पहिल्यांदाच ते म्हणाले, "तीस तारखेला ये आमच्याबरोबर. फक्त मशीन तुझं आण."

एवढ्यासाठी तो वेडा झाला.

चार घरं सोडून एव्हलिन नावाची म्हातारी राहायची. तिचा नवरा हिवाळ्याच्या सुरुवातीला गेला होता. त्याची जुनी, बंद पडलेली स्नोमोबिल तिने अशीच देऊन टाकली. तिच्या पुतण्याने मशीन आणून टाकलं आणि बरोबर एक लाकडी स्टूलही.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आंटी म्हणाली, दोन्ही घेऊन जा," तो म्हणाला आणि पळाला.

श्रीरंग खूश. "शैला, टू-स्ट्रोक आहे! म्हणजे बाबांची स्कूटरच, फक्त चाकं नाहीत." सांगलीत त्याचं अर्धं बालपण त्या स्कूटरखाली गेलेलं. कार्बोरेटर खोलणं, पॉलिश पेपरने प्लग घासणं, सगळं हातात बसलेलं.

आणि मी काय केलं?

घरात गाडी आली की आपण जे करतो तेच. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. अक्षता टाकल्या. निरांजन ओवाळलं. दारात उभं राहून म्हटलं, "या, आपलंच घर समजा."

श्रीरंग हसला. मीही हसले.

त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये गेले, तर कुंकू नव्हतं.

पुसटसा डागही नव्हता. केरोसीनचा वास येत होता, आणि शेजारी फडकं... चार पदरी घडी घालून ठेवलेलं.

श्रीरंग जन्मात कधी फडक्याची घडी घालणार नाही.

दुपारी तो कारखान्यात. मी भाजी चिरत होते. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यात एकच दार.

कर्र... कर्र... कर्र...

पाना फिरवल्याचा आवाज. मध्ये थांबायचा, परत सुरू व्हायचा. घाई नव्हती त्यात.

मी दार उघडलं.

शांत. स्टूल मात्र मशीनला लागून होतं. सकाळी ते भिंतीशी होतं.

संध्याकाळी श्रीरंगला सांगितलं तर तो म्हणतो, "घरात बसून बसून कान वाजायला लागले तुझे." असा संताप आला की त्याला जेवायलाही वाढलं नाही.

स्क्रू ठेवायला त्याने माझ्या रुखवतातल्या स्टीलच्या वाट्या नेल्या होत्या. त्यावरूनही आमचं भांडण झालेलं. तिसऱ्या दिवशी त्या सहाही वाट्या मला मागच्या अंगणात सापडल्या. बर्फात उपड्या. प्रत्येक वाटी टाचेखाली चेपलेली.

आसपास बर्फावर पावलाचा एकही ठसा नव्हता...

मग मी शिकागोजवळ शॉमबर्गला शोभनामावशींना फोन केला. त्या माझ्या आईची मैत्रीण, तीस वर्षं अमेरिकेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शैला, शोरूममधून आलेल्या गाडीवर कुणाचा जीव अडकलेला नसतो. ही वापरलेली. तू ओवाळलंस कुणाला?"

"गाडीला, मावशी."

"बरं. आणि घर समजा म्हणालीस ते कुणाला?"

मी फोन ठेवला.

मी तशीच एव्हलिनकडे गेले. तिने मला आत घेतलं नाही. दाराच्या फटीतून म्हणाली, त्या मशीनला तिचा नवरा कुणाला बोट लावू द्यायचा नाही. काम अर्धवट असताना त्या स्टुलावरच गेला. मी म्हटलं, माझा नवरा ते पूर्ण करतोय, उलट त्याला बरं वाटेल.

तिने मान हलवली. "ही हेटेड हेल्प."

आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी श्रीरंगचा उजवा हातमोजा सापडेना. शोधता शोधता मीच बॉनेट उघडलं. मोजा क्लचमध्ये होता, बेल्ट ज्यावर चढवतात त्या चाकांत. बोटं आत ओढलेली, चेंगरलेली. इंजिन तर अजून एकदाही सुरू झालं नव्हतं...

मी रडले, ओरडले. म्हटलं, उद्याच्या उद्या हे धूड परत दे.

श्रीरंग हळूच म्हणाला, "यार शैला, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बोलावलंय. फक्त बेल्ट बसवायचा राहिलाय."

मला त्याची दया आली. सगळं तिथेच चुकलं.

मी अट घातली. किल्ली माझ्याकडे राहील, आणि दोन्ही प्लग मी स्वतः काढल्याशिवाय तो क्लचमध्ये हात घालणार नाही. प्लगशिवाय इंजिन पेटत नाही, हे स्कूटर असलेल्या घरातल्या पोरालाही कळतं.

"मान्य," तो म्हणाला. "तसंही प्लग काढले की इंजिन हाताने फिरवायला सोपं जातं."

शनिवार. सव्वातीन.

किल्ली स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये. मी प्लगपान्याने दोन्ही प्लग काढले. वायरी बाजूला केल्या. प्लग इतके गार होते की बोटांना चिकटत होते. मी ते उजव्या मुठीत घट्ट धरले.

श्रीरंगने हाताने क्लच फिरवून दाखवला. प्लगच्या भोकांतून नुसती हवा आली. फुस्स... फुस्स...

"बघ. मेलंय ते," तो म्हणाला. आणि बेल्ट बसवायला त्याने हात आत घातला.

तेवढ्यात रेडिओ बंद पडला.

माझ्या मागे स्टूल करकरलं. बसलेलं माणूस उठल्यावर करकरतं, तसं.

मी वळले नाही. वळायला हवं होतं का, मला माहीत नाही.

आणि इंजिन सुरू झालं.

कुणी स्टार्टची दोरी ओढली नव्हती. धूर नव्हता. पहिल्या झटक्यात, अगदी छान ट्यून केलेल्या इंजिनासारखं. बेल्ट फिरला... एक सेकंद. मग आपणहून थांबलं.

श्रीरंग ओरडलासुद्धा नाही. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"तू प्लग काढले होतेस ना?"

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

त्याला ऑपरेशनला आत नेल्यावर नर्स माझ्याजवळ आली. माझी उजवी मूठ अजून मिटलेली होती. तिने एकेक बोट करून ती उघडली.

आत दोन प्लग होते.

आणि तळहातावर भाजल्याचे दोन मोठे फोड.

"हाऊ डिड यू बर्न युवरसेल्फ, हनी?" तिने विचारलं.

मला घरापासून हॉस्पिटलपर्यंत चटका जाणवलाच नव्हता.

महिन्याभरात आम्ही ते गाव सोडलं. मशीन आणि स्टूल तिथल्याच गॅरेजमध्ये राहिलं. नंतरच्या भाडेकरूंचं काय झालं, मी विचारलं नाही.

श्रीरंगने पुन्हा पाना हातात घेतला नाही. त्या हाताची उरलेली बोटंही नीट वळत नाहीत, त्याला डाव्या हाताने जेवावं लागतं आणि तो माझ्यावर चिडतो. आजही म्हणतो, "तू प्लग काढलेच नव्हतेस. घाबरून नुसती उभी राहिलीस." नातेवाइकांसमोरही म्हणतो. सासूबाई तर त्यानंतर माझ्याशी नीट बोललेल्याच नाहीत.

मी वाद घालत नाही. तळहात मी त्याला कधी दाखवला नाही. शेगडीचा चटका बसला, एवढंच सांगितलं.

श्रीरंगचा स्वभाव मला माहीत आहे. त्या दिवशी गॅरेजमध्ये आम्ही दोघंच नव्हतो, हे त्याला पटलं, तर तो त्या तिसऱ्याला जाब विचारायला परत तिथे जाईल.

त्याला आठ बोटं उरली आहेत.