वादळात न पडलेलं बुजगावणं

"हलली! वाटी हलली! हाही स्टँड बाद!" रूपा टाळ्या पिटत ओरडली.

प्रभाकररावांच्या अंगणाच्या मधोमध भजनी मंडळाचा माइकचा स्टँड उभा होता. त्याच्या माथ्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी होती. नागेशनं स्टँडला नुसती टिचकी मारली होती, पण वाटीतलं पाणी थरथरायचं थांबेना.

"पाहा, अजून थरथरूनच राह्यलं," प्रभाकरराव म्हणाले. "पाणी थरथरलं म्हणजे कॅमेरा थरथरन. अन कॅमेरा थरथरला की फोटो गेला!"

"कालच्यापेक्षा बराच म्हणायचा," सपना म्हणाली. "दवाखान्यातला सलाइनचा स्टँड तर वाटी ठेवायच्या आधीच डोलत होता!"

सगळे हसले. प्रभाकररावही क्षणभर हसले. हातातल्या जड, काळ्या कॅमेऱ्यावरून ते उगाच रुमाल फिरवत राहिले.

सपना पुण्याहून सुट्टीला पवनारला मामाकडे आली होती. मामा-मामी दिवसभर वर्ध्याच्या दुकानात असायचे. रात्री आईचा फोन यायचा. "जेवलीस ना? बरं, ठेवते, मीटिंग आहे," एवढाच! पहिले काही दिवस सपना एकटीच धाम नदीच्या काठी जाऊन बसायची. तिथल्या एका काळ्या खडकावर तिला तीन भोकं दिसली. बोटभर खोल, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. ती कुणी पाडली असतील? हे कोडं घेऊन ती शेजारच्या नागेश-रूपा या भावंडांकडे गेली, आणि त्याच कोड्यानं तिघांना प्रभाकररावांच्या दारात आणून सोडलं.

"मीच पाडली ती," प्रभाकररावांनी तेव्हा सांगितलं होतं. एकेकाळी वर्ध्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी ते त्या खडकावर कॅमेरा लावायचे आणि समोर पाण्यातल्या दगडावर त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई उभ्या राहायच्या. संध्याकाळचा मंद उजेड, त्यात रोलचा कॅमेरा! खटका दाबून चांगला दमभर उघडा ठेवावा लागायचा. दर वर्षी जागा तीच राहावी म्हणून स्टँडच्या लोखंडी टोकांसाठी ती भोकं होती. प्रमिलाबाई गेल्या, तरी प्रभाकररावांनी फोटो थांबवला नाही. दगड रिकामा, पण फोटो दर वर्षीचा.

फक्त गेल्या वर्षी त्यांचा सागवानी स्टँड घरात नव्हता. पुतण्या हेमराज म्हणाला, "उधई लागली होती, काका. फेकला." वाळवीनं खाल्लेलं लाकूड कोण ठेवतं? मग दुसऱ्याच कुठल्या हलक्या स्टँडवर फोटो काढला.

"अन पहिल्यांदाच फोटोत तो दगडसुद्धा हलला," प्रभाकरराव म्हणाले होते.

उद्या तोच दिवस होता. परवा सकाळी ते लेकीकडे नाशिकला जाणार होते, कायमचे. रोलमध्ये शेवटचे दोन फोटो उरले होते. म्हणूनच न हलणाऱ्या स्टँडचा शोध चालला होता.

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. लग्नांचे व्हिडिओ काढणारा हेमराज चकचकीत पिशवी फिरवत आत शिरला.

"घ्या काका! नवीन स्टँड! एका बोटावर उचला, वजनच नाई!"

"म्हणूनच तं नको ना बाप्पा," प्रभाकरराव म्हणाले.

"वाटी ठेवा, वाटी!" नागेशनं टिचकी मारली. स्टँड लचकला, वाटी उलटली आणि सगळं पाणी हेमराजच्या पँटवर!

"अबे पोट्ट्या!"

"मी काय केलं, दादा? टिचकीच मारली!"

पँट झटकत, स्टँड पिशवीत कोंबून हेमराज निघून गेला. रूपा मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"आबाजी, तुमचा स्टँड सागाचा होता ना? आमच्या घरी सागाची बाज आहे, पणजोबाच्या टाइमाची. तिले कधी उधई लागली नाई. मंग तुमच्या स्टँडलेच काऊन लागली?"

प्रभाकरराव उठले. आत जाऊन त्यांनी चहा टाकला. सवयीनं दोन कप मांडले, मग एक परत फळीवर ठेवला. सपनानं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

त्या संध्याकाळी जोराचं वादळ सुटलं. छपरांची टिनं उडाली, आंबे गळाले. सकाळी तिघं गळालेले आंबे वेचायला शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं निघाले. भुईमुगाच्या वावरांतली सगळी बुजगावणी आडवी झाली होती. कुणाचं डोकं इकडे, कुणाचा सदरा बाभळीवर!

"थांबा!" सपना एकदम म्हणाली. "ते बघा!"

"काय पाहायचं? तानबाकाकाचं बुजगावणं आहे," नागेश म्हणाला.

"सगळी पडली. मग हे एकटंच कसं उभं?"

"तानबाकाकानं त्याले रोज भाकर खाऊ घातली असन!"

"गंमत नको रे! चल!"

सपनानं बुजगावण्याचा फाटका सदरा वर केला. आत तीन दणकट सागवानी पाय! मडक्याच्या डोक्याखाली हिरवट पडलेली पितळी चकती. रूपानं पायाजवळची माती उकरली. लोखंडी टोक चमकलं!

"आबाजीचा स्टँड!" तिघंही एकदम ओरडली.

"कोण आहे रे वावरात?" काठी आपटत तानबा आला.

"काका, हे बुजगावणं तुम्हांला कुणी दिलं?" सपनानं विचारलं.

"हेमराजनं. मागच्या साली. घरात अडगळ आहे म्हणे, घेऊन जाय. काऊन?"

सपनानं सगळं सांगितलं. तानबा डोकं खाजवत ऐकत राहिला.

"प्रभाकररावाचा आहे हे मले काय माहीत! पण पोरी, हे नेलं अन डुकरं आले, तं माह्या भुईमुगाचं काय? दुसरं बुजगावणं उभं करून द्या, मंग न्या."

तिघांनी धुऱ्यावर बसून डोकी एकत्र केली. मग रूपा आबाजींना आणायला धावली आणि नागेशनं तानबाचा फोन घेतला.

"हेमराजदादा? लवकर तानबाकाकाच्या वावरात या! असं काही दिसन की तुमची बोलतीच बंद! मोबाइल आणजा, अन तुमचा नवा स्टँडही."

हेमराज धापा टाकत आला. "कुठं आहे? काय आहे? रानडुक्कर?"

समोर प्रभाकरराव छत्री धरून धुऱ्यावर बसले होते. शेजारी सदरा काढलेला सागवानी स्टँड उभा होता. हेमराजची बोलती खरंच बंद झाली!

"उधई लागली होती म्हणे," प्रभाकरराव हळूच म्हणाले.

"काका, मले वाटलं... रोलचे कॅमेरे आता कोण वापरते... जागाच अडून राह्यली होती..."

"एक बार विचारायचं होतं मले."

हेमराजची मान खाली गेली.

"ते जाऊ द्या, माह्या वावराचं बोला!" तानबा म्हणाला.

"हा घ्या ना दादाचा स्टँड! एका बोटावर उचलता येतो!" नागेशनं नव्या स्टँडला सदरा घातला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि नवं बुजगावणं हेमराजच्या पायांवर लोळण घेऊ लागलं.

"पाहा दादा, माफी मागून राह्यलं तुमच्या वतीनं!" रूपा म्हणाली. तानबा पोट धरून हसला.

शेवटी हेमराजनंच कुऱ्हाड घेतली. बाभळीचे तीन जाड दांडे तोडले, जमिनीत ठोकले, वरून दोरानं आवळून बांधले. तानबानं गदागदा हलवून पाहिलं.

"असं नाही काका," सपना म्हणाली. "वाटी!"

तानबाच्या डब्यातली वाटी पाण्यानं भरून वर ठेवली. नागेशनं टिचकी मारली. पाणी जरासं हललं आणि थांबलं.

"पास!"

संध्याकाळी सागवानी स्टँडची तीन टोकं खडकावरच्या तीन भोकांत खटकन बसली. प्रभाकररावांनी वर तळहात ठेवून दाबून पाहिलं आणि डोळे मिटले. मग कॅमेरा चढवला. नागेशनं टिचकी मारायला उचललेलं बोट मागे घेतलं. समोरचा दगड रिकामा होता. धामचं पाणी त्याला वळसा घालून वाहत होतं. प्रभाकररावांनी बारीक तारेनं खटका उघडला, ओठांतल्या ओठांत आकडे मोजले आणि मिटला.

"एक राह्यला. तिघंही जा त्या दगडावर."

"तिथं? आजींच्या जागेवर?" सपना अडखळली.

"जा. पण हलू नका. ती पापणीसुद्धा हलवत नव्हती."

निघायची सकाळ उजाडली. बसथांब्यावर सपनाचे मामा-मामी, तानबा, हेमराज सगळे जमले होते. घरातल्या अंधाऱ्या खोलीत रात्रभर बसून प्रभाकररावांनी फोटो धुतले होते. पहिल्या फोटोत पाणी दुधासारखं झालं होतं आणि रिकामा दगड कसा स्पष्ट, त्याच्या भेगांसकट आला होता. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला आणि परत खिशात ठेवला.

दुसऱ्या फोटोत नागेशला दोन डोकी होती!

"मच्छर चावला, मी काय करू?"

"अन माही वेणी धुरासारखी काऊन दिसून राह्यली?" रूपा म्हणाली. सपना मात्र एकटी लख्ख आली होती.

"शाबास रे पोट्टेहो!" तानबा म्हणाला. "हेमराजले एवढं काम करताना पहिल्यांदाच पाह्यलं!"

"आम्ही दुकानात असतो, ही दिवसभर काय करते ते आज कळलं," मामानं सपनाच्या डोक्यावर हात ठेवला.

प्रभाकररावांनी दुसरा फोटो आणि स्टँड सपनाच्या हाती दिला. "कॅमेरा संग नेतो. पण नाशिकच्या फ्लॅटात याले भोकं कुठं? तुह्याजवळ ठेव."

"पुढच्या वर्षी याल ना, आबाजी?"

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "तू येजो," एवढंच म्हणाले. बस आली आणि गेली.

रात्री आईचा फोन आला. "जेवलीस ना? बरं..."

"आई, पुढच्या मे महिन्यात तू इथं ये," सपना घाईनं म्हणाली. "नदीत एक दगड आहे. त्याच्यावर माझ्याबरोबर उभं राहायचं. बाकी काही नाही, फक्त थोडा वेळ हलायचं नाही."

पलीकडे कुणीतरी आईला मीटिंगसाठी हाक मारली. पण तिनं फोन ठेवला नाही.