चौथ्याची जागा

मिलिंद रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात इंजिनियर होता, आणि एखादी वस्तू त्याच्यासमोर बिघडून बसली की त्याला जेवण गोड लागत नसे. वडील भुसावळहून बदली होऊन झाशीला आले ते इथलेच झाले. मिलिंदचा जन्म, शाळा, नोकरी, सगळं या रेल्वे कॉलनीतलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्याची मुलगी शमिका बँकेत लागली होती, आणि तिच्या मराठीला इथलं पाणी चांगलंच लागलं होतं.

आता झाशीत मराठी घरं थोडी, त्यात लग्नाची मुलं त्याहून थोडी. म्हणून शमिकाच्या लग्नासाठी सगळा कारभार बाहेरगावच्या मराठी घरांशी. मागच्या वर्षी तिघं इंदूरला गेले होते, तिथलं स्थळ काही कारण नसताना मोडलं. मिलिंदची बायको रेवती म्हणाली, "मोडणारच. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघं निघालो तेव्हा मी खडा घ्यायला विसरले." तिच्या माहेरी रीतच होती, शुभकामाला तीन माणसं निघाली की चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यायचा. मिलिंद यावर हसायचा. रेवती मात्र ती चूक अजून उगाळत बसली होती.

या वेळचं स्थळ नागपूरचं होतं. मुलगा केयूर. शमिका त्याच्याशी फोनवर बोलत होती आणि बोलून झालं की उगाच गुणगुणत फिरायची. आता दोन्ही घरांनी एकमेकांना बघायचं होतं, रविवारी सकाळी, व्हिडिओवर. "हे मोडलं ना बाबा, तर मी पुन्हा कोणासमोर बसणार नाही," तिने सांगून टाकलं होतं. पोरगी वडिलांसारखीच हट्टी, त्यामुळे मिलिंदला ते खरं वाटलं.

म्हणून त्याने मोठा मॉनिटर आणला. सोफ्यावर बसून सगळ्यांना नीट दिसावं एवढाच हेतू. घरचा कॉम्प्युटर जुना, त्याला एवढा मॉनिटर झेपेना, तेव्हा सदर बाजारातून एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, एकदम ओके पीस है, आँख मूँद के ले जाइए." मिलिंदने डोळे उघडे ठेवूनच नेलं, पण नेलं.

शनिवारी सकाळी त्याने ते बसवलं. मॉनिटर लागला, पण चित्र सगळं नव्हतं. उजवीकडचं घड्याळ दिसेना. माऊसचा बाण उजव्या कडेतून बाहेर जाई आणि बराच वेळ परत येत नसे. मिलिंदने रिझोल्यूशनची यादी उघडली. मॉनिटरचं स्वतःचं माप १९२० बाय १०८०. ते यादीत नव्हतंच! त्याच्या जागी होतं २५६० बाय १०८०, आणि पुढे 'रेकमेंडेड' असं लिहिलेलं. म्हणजे स्क्रीन आहे त्याहून रुंद आहे अशी कार्डाची समजूत झालेली. चित्राचे चार भाग केले तर तीन स्क्रीनवर आणि चौथा उजवीकडे, हवेत.

"काय झालं?" रेवतीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. कार्डाला मॉनिटर ओळखता येत नाहीये."

त्याने केबल बदलली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कार्ड काढून, पुसून, परत बसवलं. २५६०. शेवटी सगळं सामान स्कूटरवर घालून दुकानात नेलं. तिथे पहिल्या झटक्यात १९२०, चित्र आरशासारखं स्वच्छ. दुकानदाराने हात पसरले. "देखा? पीस में कोई खराबी नहीं है, बाबूजी."

घरी आणलं. २५६०.

मिलिंदने अर्थिंग तपासलं, व्होल्टेज तपासलं, कूलर बंद करून पाहिला. एप्रिलातली झाशी, कूलर बंद झाल्यावर खोलीची भट्टी झाली आणि रेवती ओरडली. काही फरक पडला नाही.

मग त्याला सुचलं की जो भाग बाहेर पडतो, त्यात आहे तरी काय ते पाहावं. कॅमेरा सोफ्याकडे तोंड करून लावलेलाच होता. त्याने कॅमेऱ्याचं चित्र पूर्ण स्क्रीनभर केलं, स्क्रीनशॉट घेतला आणि तो लहान करून पाहिला.

डावीकडून तीन भागांत त्यांचा सोफा होता. तीन माणसांचा, तपकिरी रेक्झिनचा, पाठीवर रेवतीने विणलेले रुमाल. चौथ्या भागात सोफा संपायला हवा होता. तिथे कूलर होता, आणि सोफ्याला लागून एक छोटं स्टूल. चित्रात कूलर नव्हता. चित्रात सोफा पुढे चालू होता. चौथी बैठक, तसंच रेक्झिन, पाठीवर तसाच विणलेला रुमाल. आणि गादी मध्ये थोडी दबलेली, माणूस बसलेला असावा तशी.

शमिका मागे येऊन उभी राहिली होती. "बाबा, आपला सोफा इतका लंबा कुठे आहे?"

"कॅमेरा चित्र ताणतो," मिलिंद म्हणाला. त्याला माहीत होतं की ताणलेलं चित्र असं दिसत नाही.

"मग कूलर कुठे गेला?"

मिलिंद स्टुलाकडे बघत होता. स्टुलावर, एका वाटीत, हळदकुंकू लावलेला एक काळपट खडा होता. लिंबाएवढा, टोकेरी.

रेवतीने तो शुक्रवारी आणला होता. महालक्ष्मीच्या दर्शनाला गेली तेव्हा तिथल्या लक्ष्मी ताल या तळ्याच्या पायऱ्यांवरून उचललेला. "या वेळी विसरायचं नाही," म्हणाली होती. "तुम्ही दोघं, मी, आणि हा चौथा."

मिलिंदची कामाची एक रीत होती. दोष सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळ्या गोष्टी बदलून झाल्या होत्या. एक राहिली होती, आणि तिचा विचार करायचीसुद्धा त्याला लाज वाटत होती. दुपारी दोघी बाजारात गेल्यावर त्याने वाटी उचलली, व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला.

१९२०. रेकमेंडेड.

वाटी आत आणली. २५६०. बाहेर नेली. १९२०. त्याने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग त्याला राग आला, आणि तो राग नक्की कशाचा हे त्यालाही सांगता आलं नसतं. उद्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि इथे दगड खेळ मांडतोय! त्याने खडा वाटीतून काढला आणि कॉलनीच्या भिंतीपलीकडे भिरकावला. पलीकडे रेल्वेचा रूळ होता. रुळाच्या खडीत तो पडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी चित्र सुरेख होतं. मिलिंद पोटभर जेवला.

रविवारी सकाळी रेवती पैठणी नेसून आली आणि स्टुलाजवळ थबकली. "अहो, इथला खडा?"

"पुसताना पडला असेल कुठे. मी बघतो नंतर."

"नंतर काय? पोरीचं काम व्हायचं आहे, झालं की तो होता तिथे नेऊन ठेवायचा असतो." तिने सोफ्याखाली वाकून पाहिलं. "चौथा म्हणून बसवलाय हो त्याला. भरल्या पानावरून कोणाला उठवतात का?"

"रेवती, नागपूरचा फोन यायची वेळ झाली."

तिचा चेहरा उतरला. डावीकडे ती, मध्ये शमिका, उजवीकडे मिलिंद, असे तिघं बसले. केयूर दिसला, त्याचे आईवडील दिसले. मंडळी साधी होती. केयूरची आई शमिकाला म्हणाली, "अगं, तुमच्या झाशीचं ऊन आमच्या नागपूरच्या तोंडात मारेल वाटतं," आणि सगळे हसले. शमिका हसली तेव्हा मिलिंदच्या छातीवरचं ओझं उतरलं.

थोड्या वेळाने स्क्रीनची उजवी बाजू काळी झाली. सरळ उभी रेघ, आणि तिच्या उजवीकडे काही नाही. मिलिंदने दात आवळले. पुन्हा कार्ड!

"मिलिंदराव," केयूरचे वडील म्हणाले, "तुमचा आवाज येतोय, पण तुम्ही दिसेनासे झालात. जरा आत सरका."

तो सरकला. शमिकाच्या खांद्याला खांदा लागला.

"अंहं. अजून थोडं."

सरकायला जागाच नव्हती. "राहू द्या," मिलिंद म्हणाला. "मला काय बघायचंय, मुलीला बघा." ते पुन्हा हसले. बोलणी छान झाली.

फोन संपला. त्याने उठून यादी उघडली.

१२८० बाय १०८०. रेकमेंडेड. १९२० कुठेच नव्हतं.

चार होते तेव्हा २५६०. तीन होते तेव्हा १९२०. हा हिशेब त्याने मनात केला नाही, तो आपोआप झाला. मग त्याने स्वतःला समजावलं की मुलगी लग्न होऊन जाईल, घरात दोघंच राहतील. त्यात वाईट काय? सगळ्यांच्या घरी असंच होतं. पण काळी झाली ती मधली जागा नव्हती. काळी झाली ती उजवी जागा होती, तो बसला होता ती.

तो चपला न घालता बाहेर पडला.

भिंतीपलीकडे खडी तापली होती. सगळे दगड काळपट, सगळे टोकेरी, सगळे लिंबाएवढे. हळदकुंकवाचा डाग कशावरच दिसेना. रुळाशेजारून चाललेला एक ट्रॅकमन थांबला.

"साहब, का ढूँढ रए?"

"एक पत्थर."

तो मोकळेपणाने हसला. "इतै तो पत्थरई पत्थर हैं, साहब. जित्ते चाहो, ले जाओ."

तळपाय भाजायला लागले. शेवटी त्याने त्यातल्या त्यात तसा वाटणारा एक उचलला.

घरी येऊन त्याने तो स्टुलावर ठेवला. यादीत १२८०. मग त्याने खडा उचलला आणि सोफ्याच्या उजव्या बैठकीवर, आपल्या जागी, ठेवला.

१९२० बाय १०८०. रेकमेंडेड.

काळा पट्टा गेला. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. मॉनिटरमध्ये आता कसलाही दोष नव्हता.

"बाबा!" शमिका आतून धावत आली. तिचे डोळे भरले होते. "केयूरचा फोन होता. हो म्हणाले ते लोक! हो म्हणाले!" मागून रेवती शिऱ्याची वाटी घेऊन आली, एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत. मिलिंदला पोरीला जवळ घ्यायचं होतं. त्याने घेतलं. ती त्याच्या मिठीत होती, तिच्या केसांना मोगऱ्याचा वास येत होता. मग कशाला घाबरायचं?

"चला, बसा सगळे," शमिका म्हणाली. "तिघांचा फोटो पाठवते त्याला."

"तिघांचा नको गं बाई," रेवती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला खडा दिसला. तिचा चेहरा खुलला. "मिळाला? बाई, बरं झालं! मग काही हरकत नाही."

शमिकाने कॅमेरा लावला. दोघी आपापल्या जागी बसल्या.

मिलिंदने बैठकीवरचा खडा उचलला, मुठीत घट्ट धरला आणि तिथे बसला. खडा अजून गरम होता.

त्याने समोर पाहिलं.

स्क्रीनवर रेवती होती. शमिका होती. उजव्या बैठकीवर, गादीच्या मधोमध, खडा होता.

त्याने मूठ उघडून पाहिली. खडा हातात होता.

शमिका स्क्रीनकडे बघून हसत होती. "बाबा, या ना लवकर," ती म्हणाली.

तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला होता.