चार कोस वर, दोन कोस खाली

एकाच वाटेची लांबी जाताना चार कोस आणि येताना दोन कोस कशी असेल?

हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीच्या चार पत्रांमुळे पडला होता. पत्रं मोडीत (अक्षरं जोडून भरभर लिहायची जुनी लिपी) होती. त्यांतली तीन पत्रं निंबखेडीहून घाट चढून सोमपेठेच्या बाजाराला निघालेल्या व्यापाऱ्यांची. बाजार चार कोसांवर आहे, असं तिघांनीही लिहिलं होतं. चौथं पत्र बाजार आटोपून निंबखेडीला उतरणाऱ्या एका विणकराचं. त्याने अंतर दोन कोस लिहिलं होतं. वाट तीच.

शर्वाणीचे आजोबा, म्हणजे तिचे आबा, डॉ. मुकुंद दरेकर, जुन्या काळातली साधी माणसं काय पिकवत, काय विकत, कुठे जात-येत याचा अभ्यास करत. त्यांनी आपल्या वहीत चौथ्या पत्रापुढे ‘लिहिणाऱ्याची चूक’ असं लिहिलं. एक कोस म्हणजे सव्वातीन किलोमीटर धरून त्यांनी तेरा किलोमीटरांवर सोमपेठ शोधली. नऊ वर्षं शोधली. तिथे काही नव्हतं. २०६८च्या फेब्रुवारीत आबा वारले.

डिसेंबरमध्ये त्यांचं राहिलेलं काम पुरं करायला शर्वाणीची आई, नेत्रा, निंबखेडीला आली. ती मातीची तपासणी करणारी शास्त्रज्ञ होती. घाटावर आता वीज तयार करणारे सौर पट्टे बसणार होते. त्याआधी तिथल्या जुन्या जागांची यादी द्यायची होती. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. यादीत सोमपेठेपुढे दोनच पर्याय होते : ‘जागा निश्चित’ किंवा ‘पुरावा नाही’. ज्या जागेला पुरावा नाही, तिच्यावरून यंत्रं फिरणार होती.

“तू ‘पुरावा नाही’ असं लिहू नकोस,” शर्वाणी म्हणाली. ती अकरा वर्षांची होती.

“पुरावा नसला तर तेच लिहावं लागेल,” आई म्हणाली. “आबांचं काम आहे म्हणून मला वेगळं लिहिता येत नाही.”

गाडीरस्ता कामासाठी बंद झाला होता, म्हणून दोघी आठ वाजता पायीच निघाल्या. बरोबर टिपण होता. टिपण म्हणजे आबांचा सहा पायांचा यंत्रमानव, शेळीएवढा. तो पोटाखालच्या नळीने माती उचलून जागच्या जागी तपासायचा.

दहा वाजेपर्यंत शर्वाणीच्या पोटऱ्या भरून आल्या. वाटेत एक मेंढपाळ बाई दगडावर बसल्या होत्या. त्यांनी आपलं नाव हौसाबाई सांगितलं आणि टिपणकडे बोट केलं.

“ह्याला चारा काय घालता?”

“ऊन,” शर्वाणी म्हणाली.

“मग बरं हाय. राखायला सोपा.”

“मावशी, इथून निंबखेडी किती लांब आहे?” आईने विचारलं.

“आसंल की तासाभरावर.”

“तासाभरावर?” शर्वाणी म्हणाली. “आम्हाला तर दोन तास लागले.”

“तुमी चढून आलासा. मी उतरायचं सांगितलं.”

“अंतर तीन किलोमीटर दोनशे पन्नास मीटर आहे,” टिपण म्हणाला. “चढताना आणि उतरतानाही तेवढंच.”

“तुजे पाय दुकत न्हाईत, तुला काय कळायचं,” हौसाबाई म्हणाल्या आणि मेंढरांना हाळी देत उठल्या.

शर्वाणी पाण्याची बाटली उघडता उघडता थांबली. “आई, तू आपल्या शाळेबद्दल काय सांगतेस? शाळा दहा मिनिटांवर आहे, असं. किती मीटर ते कधीच सांगत नाहीस.”

“बरं मग?”

“त्या व्यापाऱ्यांनी पण तसंच लिहिलं असेल तर? कोस म्हणजे लांबी नाही, वेळ. वर जायला चार, खाली यायला दोन.”

टिपण बोलला. “कोस हा शब्द ‘क्रोश’वरून आला. क्रोश म्हणजे आरोळी. एका माणसाची हाक जिथवर ऐकू जाईल तो टप्पा. म्हणजे हे माप पट्टीने ठरलेलं नव्हतं, माणसाच्या शरीरावरून ठरलं होतं. पुढे सरकारांनी कोस मोजून ठरवले, पण तेही सगळीकडे सारखे नव्हते.”

“आणि व्यापाऱ्यांचा माल लादलेला बैल तासाला किती चालतो?” आईने विचारलं.

“सपाटीवर किंवा उतारावर तासाला साधारण सव्वातीन किलोमीटर, म्हणजे एक कोस. अशा चढावर त्याच्या निम्मं.”

आईने काठीने मातीत दोन रेघा ओढल्या. “चढ चार तासांचा, उतार दोन तासांचा. दोन्हीकडून हिशेब साडेसहा किलोमीटरच येतो. चारही पत्रं बरोबर आहेत. कोणीच चुकलेलं नाही.”

“आबा सोडून,” शर्वाणी म्हणाली.

“हो. त्यांचे गुडघे दुखायचे. नऊ वर्षं ते इथे गाडीने आले. हा घाट त्यांनी कधी पायी चढलाच नाही.”

“मीही त्यांना सांगितलं नाही,” टिपण म्हणाला. “दमणं म्हणजे काय, त्याची माहिती माझ्याकडे नाही.”

साडेसहा किलोमीटर भरले तेव्हा बारा वाजून गेले होते. तिथे एका झऱ्याकाठी मोकळं मैदान होतं. ना भिंत, ना जोतं.

शर्वाणीचा चेहरा उतरला. “इथे तर काहीच नाही.”

“काही नसणारच. पेठ म्हटल्यावर आबांनी घरांचे पाये शोधले,” आई म्हणाली. “पण हा बाजार आठवड्यातून एकदाच भरत असेल. सकाळी काठ्यांवर कापड ताणून पालं ठोकायची, दुपारी काढायची. पालाला पाया नसतो. मग अशा जागी मागे काय उरेल?”

शर्वाणीने विचार केला. “बैल आले असतील. म्हणजे शेण.”

“शेण कुजून जातं, पण त्यातलं फॉस्फेट (जनावरांच्या शेणामुतातून मातीत मुरणारं द्रव्य) शेकडो वर्षं मातीला धरून राहतं. टिपण, मैदानात वीस ठिकाणी माती बघ. आणि वीस ठिकाणी मैदानाबाहेर.”

“बाहेर कशाला?” शर्वाणीने विचारलं.

“आत जास्त आहे असं म्हणायचं, तर कशापेक्षा जास्त ते सांगायला नको?”

तपासणीला अडीच तास लागले. बाहेरच्या मातीपेक्षा मैदानातल्या मातीत नऊपट फॉस्फेट होतं. झऱ्याजवळ खापरांचे तुकडेही मिळाले. त्यांची माती तीन वेगवेगळ्या नद्यांकाठची निघाली. म्हणजे तीन खोऱ्यांतली माणसं आपापली मडकी घेऊन इथे येत होती.

“पण हा नुसता गुरांचा तळ असेल तर?” आईने स्वतःलाच विचारलं आणि उत्तरही दिलं. “तीन खोऱ्यांतली भांडी तळावर येणार नाहीत. शिवाय पत्रांतलं अंतर जुळतंय.” चार वाजून दहा मिनिटांनी तिने यादीत ‘जागा निश्चित’ भरलं आणि खाली पुरावे जोडले.

मग तिने आबांची वही काढली आणि ‘लिहिणाऱ्याची चूक’ या शब्दांवर एक रेघ मारली.

“नीट खोड ना,” शर्वाणी म्हणाली. “अजून वाचता येतंय.”

“वाचता यायलाच हवं. कोण कुठे चुकलं हे पुढच्याला कळलं नाही, तर तोही तिथेच जातो.” आईने रेघेशेजारी तारीख घातली.

“माझ्याकडे कोस लिहिलेली आणखी अकराशे पत्रं आहेत,” टिपण म्हणाला. “सगळी तासांत मोजली, तर या भागाचा नवा नकाशा होईल. कोणत्या गावाला कोणता बाजार जवळचा होता, मीठ कुठून येत होतं, कोणत्या गावाची माणसं सहसा कुठे जाऊच शकत नव्हती, हे त्यावर दिसेल. फक्त एक अडचण आहे. वरचं गाव खालच्यापासून चार तासांवर, आणि खालचं वरच्यापासून दोन तासांवर. अशी गावं कागदावर कशी मांडायची ते मला येत नाही.”

शर्वाणीने आईकडून कोरा कागद मागून घेतला. दोन ठिपके काढले, पुसले, पुन्हा काढले. मग तिने कागदाला मधोमध घडी घातली.

“दोन नकाशे लागतील,” ती म्हणाली. “एक जाणाऱ्यांचा आणि एक परत येणाऱ्यांचा.”